घरची बोली आणि शाळेची भाषा

भारतासारख्या विशाल देशातील विविधता शिकविताना दूरच्या प्रांतांचीच उदाहरणे घ्यावीत असे नाही. बुलढाणा जिल्ह्यातही ती विपुल आहेत. घाटावर व घाटाखाली असे जिल्ह्याचे दोन भाग आहेत. मलकापूरला खानदेशाचा शेजार, तर सिंदखेडराजाला मराठवाड्याचा. बोलण्याची धाटणीही तदनुसार बदलते. तांड्यांत बंजारा बोली, सातपुड्याच्या पायथ्याशी कोरकू, तर जळगाव जामोद तालुक्यात निहाली ऐकू येते. कोरकू ही मुंडा कुळातील होय. निहाली मात्र कोणत्याही ज्ञात भाषाकुळात बसत नाही, आणि ती बोलणारे थोडेच उरले आहेत.

बालक 'मले' किंवा 'डोया' म्हणते, ते अशुद्ध नव्हे. वऱ्हाडीत 'ला' प्रत्ययाच्या जागी 'ले' येतो व 'ळ'चा 'य' होतो. हा त्या बोलीचा नियमच आहे. चारचौघांत हसे झाल्यास बालक वर्गात बोलेनासे होते. म्हणून प्रथम त्याचे म्हणणे पूर्ण ऐकावे. मग फळ्यावर 'मले' व 'मला' शेजारी लिहून भेद दाखवावा. कोरकू वा निहाली बालकाकडून परिचित वस्तूंची नावे विचारून घ्यावीत व त्यांच्या जोडीस मराठी नावे द्यावीत.

भाषिक अल्पसंख्याक बालकांस प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करण्याचा प्रयत्न व्हावा, असे १९५६ साली संविधानात समाविष्ट झालेला अनुच्छेद ३५०-क सांगतो. प्रमाण मराठी सर्वांस यावी, हे शाळेचे कर्तव्य खरेच. परंतु त्यासाठी घरची भाषा टाकावी लागते, असे कोणत्याही बालकास वाटू नये.