मोबाईलची बॅटरी आणि पडद्यामागचीं ॲपें

घरांतील यंत्रांचा पूर्वीं एक साधा नियम असे. बटण दाबलें कीं यंत्र चालू, पुन्हा दाबलें कीं बंद. रेडिओचें बटण फिरविलें म्हणजे आवाज थांबे आणि त्याच क्षणीं विजेचा खर्चहि थांबे. सेलवर चालणारा ट्रान्झिस्टर कपाटांत ठेवून दिला, तर महिन्यानंतरहि तो परभणी केंद्राचा कार्यक्रम ऐकवीत असे. मोबाईल फोनास हा नियम लागू पडत नाहीं. त्याचा पडदा विझला, तो खिशांत गेला, तरी तो बंद झालेला नसतो. रात्रीं निजतांना ८० टक्के दिसलेली बॅटरी सकाळीं ६० टक्क्यांवर आलेली आढळते, तेव्हां मधल्या वेळांत हा खर्च कोणीं केला असा प्रश्न साहजिकच पडतो. या प्रश्नाचें उत्तर नीट समजलें म्हणजे बॅटरी वाचविण्याचे योग्य उपाय समजतात, आणि घरोघर केला जाणारा एक उपाय किती निरुपयोगी आहे तेंहि ध्यानांत येतें.

परभणी जिल्ह्यांत या प्रश्नास सोयीपलीकडचें महत्त्व आहे. शहरांतील पुष्कळ कुटुंबांचा एक पाय अजून खेड्यांत असतो. भाऊ जिंतूरकडे शेती पाहतो, आईवडील पालम किंवा सोनपेठ तालुक्यांत राहतात. शेतांत गेलेल्या माणसास सकाळीं घरून भरून नेलेली बॅटरी संध्याकाळपर्यंत पुरवावी लागते. त्याच फोनवर बँकेचे निरोप येतात, बाजारभाव कळतात, आणि १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रांत सुरू झालेली ई-पीक पाहणीहि त्याच फोनवर करावी लागते. सोयाबीन, कापूस किंवा तूर ज्या शेतांत उभी आहे तेथें जाऊन, स्थान नोंदवून, पिकाचें छायाचित्र काढावयाचें असतें. ऐन वेळीं फोन बंद पडला, तर ती खेप फुकट जाते. याहून गंभीर गोष्ट म्हणजे वीज कोसळण्याची पूर्वसूचना. तिचा विचार पुढें केला आहे.

प्रथम बॅटरीचें मान पाहावें. आजच्या सामान्य फोनांत सुमारें ५००० मिलिअँपिअर-तास क्षमतेची लिथियम-आयन बॅटरी असते. घरगुती मापांत ही शक्ति सुमारें १९ वॅट-तास भरते. मीटरवरील एक युनिट म्हणजे १००० वॅट-तास. तेव्हां वाया जाणारी वीज जमेस धरूनहि एका युनिटांत असा फोन सुमारें ४० वेळां भरतां येईल. विजेच्या बिलाचा प्रश्न येथें उद्भवतच नाहीं. काळजी आहे ती दिवसाच्या तासांची. हा १९ वॅट-तासांचा सांठा मुख्यतः चौघे वाटून घेतात: उजळलेला पडदा, गणित करणारा प्रोसेसर, मनोऱ्याशीं बोलणारा रेडिओ-भाग, आणि उपग्रहांच्या साह्यानें स्थान शोधणारा जीपीएस. पडदा डोळ्यांसमोर असल्यामुळें त्याचा खर्च कळतो. उरलेले तिघे अंधारांतहि काम करूं शकतात. पडदा विझल्यावर किंवा दुसरेंच कांहीं उघडलेलें असतां त्यांना कामाला लावणारीं जीं ॲपें, तींच पडद्यामागचीं ॲपें.

हीं सर्व ॲपें सारखीं नसतात. नाटकाची उपमा घेतल्यास भेद स्पष्ट होईल. एक नट आपला प्रवेश संपवून, रंगभूषा न उतरवितां, विंगेंत स्वस्थ बसलेला असतो. दुसरा दर कांहीं मिनिटांनीं उठून रंगमंचाकडे डोकावून जातो. तिसरा प्रेक्षकांना दिसत नसला, तरी आंत उभा राहून पत्रा हालवीत ढगांच्या गडगडाटाचा आवाज सतत काढीत असतो. नुकतीं वापरून बाजूला केलेलीं ॲपें बहुधा पहिल्या प्रकारांत मोडतात. तीं रॅम नांवाच्या तात्पुरत्या स्मृतींत जशींच्या तशीं ठेवलेलीं असतात आणि प्रोसेसर त्यांच्यासाठीं कांहींच करीत नाहीं. दुसऱ्या प्रकारांत बातम्या, ईमेल, खरेदी यांचीं ॲपें येतात. नवें कांहीं आलें काय, हें तीं मधून मधून जागीं होऊन पाहतात. तिसऱ्या प्रकारांत रस्ता दाखविणारें, गाणें वाजविणारें किंवा सतत स्थान नोंदविणारें ॲप येतें. खरा खर्च दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारच्या ॲपांचा. पहिल्याचा जवळजवळ शून्य.

पुष्कळ घरांत मात्र उपाय नेमका पहिल्या प्रकारावरच केला जातो. दर अर्ध्या तासानें नुकत्याच वापरलेल्या ॲपांची रांग काढावयाची आणि बोटानें एकेक सारून ती सर्व झाडून टाकावयाची, ही संवय लहानथोरांस जडली आहे. रॅम रिकामी झाली कीं बॅटरी वाचली, अशी त्यामागील समजूत. परंतु रॅमला आपली माहिती टिकविण्यासाठीं सेकंदांत अनेक वेळां विजेची उजळणी द्यावी लागते, आणि ती भरलेली असो वा रिकामी, हा खर्च जवळजवळ सारखाच येतो. उलट झाडून टाकलेलें ॲप पुन्हा उघडलें कीं त्याची सर्व सामग्री सांठवणींतून नव्यानें आणावी लागते आणि प्रोसेसरला तेवढा वेळ जोरानें चालावें लागतें. विंगेंत बसलेल्या नटाची रंगभूषा पुसावी आणि पुढच्या प्रवेशास त्यास पुन्हा रंगवावें, तसाच हा उद्योग. २०१६ सालच्या मार्च महिन्यांत ॲपलचे क्रेग फेडेरिघी यांनीं एका ग्राहकास उत्तर देतांना, अशा रीतीनें ॲपें बंद केल्यानें बॅटरी वाचत नाहीं असें कळविलें. अँड्रॉइडचे हिरोशी लॉकहायमर यांनींहि तेंच मत जाहीरपणें मांडलें. अडकून बसलेलें, दाद न देणारें ॲप बंद करावें, एवढाच या कृतीचा खरा उपयोग. बॅटरी वाढवून देतों असें सांगणारीं जीं ॲपें मिळतात, तीं बहुधा हेंच झाडण्याचें काम करतात, आणि त्यासाठीं स्वतः मात्र अहोरात्र जागीं राहतात.

फोनची मूळ व्यवस्था पुष्कळशी काटकसर आपण होऊन करीत असते. २०१५ सालीं आलेल्या अँड्रॉइडच्या सहाव्या आवृत्तींत ‘डोझ’, म्हणजे डुलकी, या नांवाची योजना आली. चार्जरला न लावलेला फोन पडदा विझवून कांहीं वेळ पडून राहिला, तर ॲपांचीं कामें अडवून धरावयाचीं, आणि मधून मधून थोडा वेळ दार उघडून तीं सर्व एकदम उरकावयाचीं, असें तिचें स्वरूप आहे. २०१७ च्या आठव्या आवृत्तीनें पडद्यामागील ॲपांना स्थान विचारण्याची मोकळीक तासाला मोजक्या वेळांवर आणली. २०१८ च्या नवव्या आवृत्तीपासून मालक कोणतें ॲप किती वापरतो हें पाहून फोन ॲपांची प्रतवारी लावतो, आणि क्वचित् उघडल्या जाणाऱ्या ॲपास क्वचितच जागें होऊं देतो. आयफोनमध्यें पडद्यामागें ताजें होण्याची मुभा २०१३ पासून ॲपागणिक काढून घेतां येते. निरोपांचीहि अशीच सोय आहे. प्रत्येक ॲपानें आपला निरोप्या दारांत उभा करण्याऐवजीं सर्वांसाठीं एकच सामाईक वाट ठेवलेली असते, आणि निरोप आला म्हणजे तेवढेंच ॲप उठविलें जातें.

मग मालकाच्या हातीं काय उरतें? उरतें तें निवडीचें काम. कारण कोणतें ॲप घरास अत्यावश्यक आहे, हें फोनला कळत नाहीं. सेटिंगमधील बॅटरीच्या भागांत ॲपवार खर्चाची यादी असते. जें ॲप क्वचितच उघडलें जातें, तरीहि यादींत वर दिसतें, तें प्रथम तपासावें. ॲपाच्या नांवावर बोट ठेवून त्याच्या बॅटरीच्या वापराकडे गेलें असतां बहुतेक अँड्रॉइड फोनांत तीन पर्याय आढळतात: अनिर्बंध वापर, फोनच्या व्यवस्थेवर सोपविलेला वापर, आणि प्रतिबंधित वापर. खेळ, खरेदी, छायाचित्रें सजविणें यांचीं ॲपें प्रतिबंधित करण्यास हरकत नाहीं. उघडलीं कीं तीं पूर्ववत् चालतात. त्यानंतर स्थानाची परवानगी पाहावी. खरेदीच्या ॲपास मालक कोठें आहे हें सर्वकाळ कळण्याचें कारण नाहीं. ॲप वापरीत असतांनाच स्थान मिळावें, एवढी परवानगी त्यास पुरे. व्हॉट्सॲपच्या गटांवर येणाऱ्या चित्रफिती आपोआप उतरून घेणें बंद करावें, आणि छायाचित्रांची प्रत दूर सांठविण्याचें काम घरच्या वाय-फायवर होऊं द्यावें. महिनोन् महिने न उघडलेलें ॲप काढूनच टाकावें.

एका खर्चाचा दोष मात्र विनाकारण ॲपांवर येतो. मनोरा दूर असला किंवा मध्यें टेकडी आली, म्हणजे फोनला मनोऱ्यापर्यंत पोंचण्यासाठीं अधिक जोरानें प्रक्षेपण करावें लागतें. जिंतूरच्या डोंगराळ भागांत किंवा गंगाखेडच्या दक्षिणेस बालाघाटच्या रांगांकडे तोच फोन, तींच ॲपें घेऊन, शहरांतल्यापेक्षां लवकर रिकामा होतो, याचें कारण हें. अशा जागीं, आभाळ स्वच्छ असेल आणि इंटरनेटची जरुरी नसेल, तर डेटा बंद ठेवल्यानें बॅटरी बरीच वाचते.

आभाळ स्वच्छ असेल तर, ही अट महत्त्वाची आहे. मराठवाड्यांत मान्सूनपूर्व पावसांत आणि पुढें परतीच्या पावसांत विजा कोसळून माणसें व जनावरें दगावतात, आणि त्यांत शेतांत काम करणारे पुष्कळ असतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेनें यासाठीं ‘दामिनी’ नांवाचें ॲप तयार केलें आहे. देशभर बसविलेल्या संवेदकांच्या जाळ्यानें वीज कोठें चमकली हें टिपलें जातें, आणि फोनच्या स्थानापासून २० व ४० किलोमीटरच्या परिघांत विजा होऊं लागल्यास सूचना दिली जाते. मेघगर्जना साधारणपणें १५ किलोमीटरपलीकडे ऐकूं येत नाहीं. म्हणजे कानांना गडगडाट कळण्यापूर्वीं माणसास सावध करणें, हें या ॲपाचें मोल. हें मोल तें पडद्यामागें जागें राहण्यावरच अवलंबून आहे. फोन कोठें आहे हें त्यास कळलें पाहिजे, इंटरनेटवरून माहिती आली पाहिजे, आणि सूचनेचा आवाज होऊं दिला पाहिजे.

ज्यानें बॅटरीच्या लोभानें सर्वच ॲपें प्रतिबंधित केलीं आणि स्थानहि बंद केलें, त्याच्या फोनांत संध्याकाळीं ४० टक्के शिल्लक राहतील. पण दुपारीं तीन वाजतां निघालेली सूचना त्यास मिळणार नाहीं. ज्यानें कशालाच आवर घातला नाहीं, त्याचा फोन तीनच्या आधींच बंद पडेल, आणि सूचना त्यासहि मिळणार नाहीं. दोघांची स्थिति अखेर एकच. बारा ॲपांना निजविल्यामुळें वाचलेली शक्ति ज्या एकदोघांनीं जागें राहिलें पाहिजे त्यांच्या कामीं यावी, हाच बॅटरीच्या काटकसरीचा हेतु.

म्हणून दामिनीस अनिर्बंध वापर, स्थानाची सर्वकाळ परवानगी आणि सूचनांची मुभा द्यावी. बॅटरी बचतीची अवस्था सुरू केली असतां कित्येक फोनांत पडदा विझल्यावर स्थान मिळणें थांबतें; पावसाळी दिवसांत ती अवस्था जपून वापरावी. कांहीं फोनांत ॲपानें आपोआप सुरू व्हावें कीं नाहीं, याची वेगळी परवानगी असते आणि रांगेंतून झाडलेलें ॲप पूर्णच थांबविलें जातें; अशा फोनांत दामिनी झाडूं नये. याउलट २०१९ सालीं आलेलें ‘मेघदूत’ पाहावें. हवामानाचा अंदाज आणि त्यास अनुसरून शेतीचा सल्ला देणारें हें ॲपहि उपयोगाचें आहे. परंतु त्यावरील सल्ला मंगळवारीं व शुक्रवारीं येतो, आणि तो मुद्दाम उघडून वाचावयाचा असतो. त्यास निजूं दिलें तरी नुकसान नाहीं. ॲप उपयोगी आहे काय, एवढेंच विचारून भागत नाहीं. तें न उघडतां उपयोगी पडावयाचें आहे काय, हें विचारावें लागतें. कोणतेंहि ॲप पूर्ण हमी देत नाहीं, हेंहि विसरूं नये. गडगडाट कानीं आला, तर सूचनेची वाट न पाहतां पक्क्या घरांत जावें. झाडाखालीं थांबूं नये.

परभणीच्या उन्हाळ्याचाहि विचार अवश्य आहे. मे महिन्यांत येथें पारा ४० अंशांच्या वर जातो, आणि आयफोनसारख्या फोनच्या वापरासाठीं सांगितलेली हवेच्या तपमानाची मर्यादा ३५ अंश आहे. उष्णतेनें लिथियम-आयन बॅटरी लवकर वृद्ध होते, आणि गेलेली क्षमता परत मिळत नाहीं. दुपारच्या उन्हांत गाडीवर फोन लावून, रस्ता दाखविणारें ॲप चालवीत तो चार्ज करणें हा बॅटरीवरील मोठा अत्याचार होय. फोन सावलींत ठेवावा, आणि उशीखालीं किंवा गादीवर दाबून चार्ज करूं नये.

हें सर्व काम पंधरा मिनिटांचें आहे, पण तें ज्यास समजतें त्यानेंच करावयाचें आहे. शहरांतील मुलगा किंवा मुलगी मे अखेरीस गांवीं जाते, तेव्हां आईवडिलांचा फोन हातीं घेऊन खर्चाची यादी पाहावी, निरुपयोगी ॲपें काढावींत, उरलेल्यांना निजवावें, आणि दामिनीस जागें ठेवून तिच्या सूचनेचा अर्थ घरच्यांस समजावून द्यावा. मृग लागण्यापूर्वीं एकदां आणि परतीच्या पावसाआधीं पुन्हा एकदां ही तपासणी केली, म्हणजे शेतांत गेलेल्या माणसाच्या खिशांतील फोन संध्याकाळपर्यंत पुरेल, आणि ज्या वेळीं बोलावयाचें त्या वेळीं बोलेल.