फोनवरची शांतता आणि दिलाशाची खरखर

फोनवर बोलताना समोरचा माणूस क्षणभर गप्प झाला की आपण काय करतो? "हॅलो, हॅलो! ऐकू येते का?" म्हणून ओरडतो, आणि उत्तर येण्याच्या आत पुष्कळदा फोन ठेवूनही देतो. समजा, काटोलकडील एखादा संत्रा बागाईतदार किसान कॉल सेंटरला फोन लावून झाडावरच्या रोगाविषयी विचारतो आहे. ही सेवा २००४ च्या जानेवारीत सुरू झाली आणि तिच्यावर मराठीतही उत्तर मिळते. पलीकडचे सल्लागार औषधाचे प्रमाण पाहण्यासाठी पाच-सात सेकंद थांबले. तेवढ्या वेळात फोन विहिरीच्या तळासारखा मुका झाला, तर आपला बागाईतदार म्हणेल, "कटला बाप्पा फोन!" आणि सल्ला राहील बाजूला.

पण वाचकहो, एक गंमत तुमच्या ध्यानात आली आहे का? पलीकडचा गप्प असतानाही फोनमध्ये एक मंद 'सूंऽऽ' असा आवाज चालू असतो. तो पलीकडच्या खोलीतून येतो असे आपण समजतो. पुष्कळदा तो तिथला नसतोच! तो तुमच्याच हातातल्या फोनने, त्याच क्षणी, तुमच्यासाठी तयार केलेला असतो. इंजिनियर मंडळी त्याला 'कम्फर्ट नॉइज' म्हणतात. आपण त्याला दिलाशाची खरखर म्हणू.

जुन्या काळी असा आवाज मुद्दाम करावा लागत नसे. तो फुकटात मिळे, आणि नको तितका मिळे! ट्रंक कॉल लावून ज्यांनी बोलणे केले आहे त्यांना ती खरखर आठवत असेल. शेजारच्या विजेच्या तारांची गुणगुण आणि सांध्यांतला गंज, असे सारेच तिच्यात मिसळलेले असे. शिवाय कोणत्याही वाहकातले इलेक्ट्रॉन उष्णतेमुळे सतत धडपडत असतात, आणि त्या धडपडीचाही सूक्ष्म आवाज होतो. बेल प्रयोगशाळेतील जॉन्सन यांनी तो मोजला आणि नायक्विस्ट यांनी त्याचे गणित मांडले. त्या दोघांचे निबंध १९२८ साली प्रसिद्ध झाले. तेव्हा खरखर ऐकू आली की लाइन जिवंत आहे, हे आपल्या कानांनी पिढ्यान्‌पिढ्या शिकून ठेवले आहे.

मग फोन आकड्यांवर चालू लागला. आवाजाची उंची सेकंदाला ८००० वेळा मोजायची आणि ते आकडे पाठवायचे, ही टेलिफोनची रूढ रीत. आकड्यांना गंज चढत नाही. शिवाय दोघांच्या संभाषणात एका वेळी बहुधा एकच जण बोलतो; म्हणजे प्रत्येकाचा निम्म्याहून अधिक वेळ ऐकण्यातच जातो. त्या वेळात शांततेचे आकडे पाठवून बॅटरी आणि वाट कशाला अडवायची? म्हणून भारतात १९९५ साली जी जी-एस-एम पद्धतीची मोबाइल सेवा आली, तिच्यात बोलणे थांबताच प्रक्षेपण थांबवण्याची सोय होती. पाठवणारा फोन आवाजाचे २० मिलिसेकंदांचे तुकडे करतो आणि प्रत्येक तुकड्यात बोलणे आहे की नाही ते तपासतो. बोलणे नसेल तर अधूनमधून फक्त एक चिठ्ठी धाडतो. मूळ जी-एस-एममध्ये ती सुमारे अर्ध्या सेकंदाला एक जाते. चिठ्ठीत मजकूर एवढाच, की माझ्याकडे मागचा आवाज इतका मोठा आहे आणि असा जाडा किंवा बारीक आहे. घेणारा फोन ती वाचून तशीच खरखर आपल्या घरी बनवतो. मागे पंखा चालू असेल तर पंख्यासारखी, मोटारपंप असेल तर जरा जाडी. हुबेहूब नव्हे, पण कानाला शिवण दिसू नये इतकी.

ही तपासणी वाटते तितकी सोपी नाही. 'आ' चा आवाज मोठा, तो ओळखणे सोपे. पण 'स' आणि 'ह' हे स्वतःच खरखरीसारखे. यंत्र जरा उशिराने जागे झाले तर आरंभीचा 'स' कापला जातो आणि 'साठ' चे 'आठ' होतात! बाजारात साठ पोत्यांचा सौदा फोनवर ठरत असेल, तर ही काही थट्टेची बाब नव्हे. म्हणून आकडा दोनदा सांगायची आपल्याकडची जुनी सवय मला फार शहाणपणाची वाटते.

आता ही खरखर बनवायची कशी? खरखर म्हणजे ज्यांना ताल नाही, सूर नाही असे आकडे. यंत्र तर हुकमाचे ताबेदार. बेतालपणा त्याला मुद्दाम शिकवावा लागतो. शिक्षकबंधूंनी हा प्रयोग वर्गात करून पाहावा. चार मुले एका ओळीत घ्या. पहिला उभा, बाकीचे बसलेले. प्रत्येक टाळीला आधी तिसऱ्या-चौथ्याकडे पाहा. दोघे सारखे असतील तर नवा हुकूम 'बस', वेगळे असतील तर 'ऊठ'. मग प्रत्येकाने आपल्या आधीच्या मुलाची स्थिती घ्यायची आणि पहिल्याने नवा हुकूम पाळायचा. चौथ्या मुलाची नोंद ठेवा, उभा म्हणजे १ आणि बसलेला म्हणजे ०. सुरुवातीची स्थिती धरून रांग अशी येते : ०००१ ००११ ०१०१ १११. पाहिलेत? नियम ठरलेला, पण दिसायला अगदी बेताल. पंधरा टाळ्यांनी मात्र गाडी पुन्हा पहिल्या स्टेशनात येते.

इथेच मेख आहे. सेकंदाला ८००० टाळ्या मारल्या तर ही रांग सेकंदात सुमारे ५३३ वेळा फिरेल, आणि खरखरीऐवजी पेटीचा एखादा सूर धरल्यासारखे ऐकू येईल. दहा मुले घेतली तर फेरी १०२३ टाळ्यांची. सेकंदाला जवळजवळ आठ वेळा धडधड. ३१ घेतली, आणि कोणत्या दोघांकडे पाहायचे ते नेमके निवडले, तर तीच रांग पुन्हा यायला तीन दिवसांहून अधिक लागतात. इतका वेळ फोनवर कोण बोलतो! या कच्च्या आकड्यांचा आवाज स्टोव्हसारखा 'फस्स' असतो. तो चिठ्ठीप्रमाणे गाळून आणि हलका करून मग कानापर्यंत सोडतात.

आणि हे सारे वेळेवर झाले पाहिजे. दर २० मिलिसेकंदांना १६० आकडे तयार हवेत. ओलित चालू असताना पाटातले पाणी क्षणभर तुटले तर वाफा कोरडा राहतो, तसे इथे आकडे उशिरा आले की 'टक्' असा खटका ऐकू येतो. आज टेलिफोन एक्स्चेंजचे काम साध्या संगणकावरचे सॉफ्टवेअरही करते. काही जुन्या सॉफ्टवेअरमध्ये पलीकडून एक तुकडा आला की इकडून एक पाठवायचा, अशी रीत असे. म्हणजे येणारा तुकडा हेच त्यांचे घड्याळ. पलीकडचा गप्प झाला आणि त्याच्या फोनने तुकडे पाठवणे थांबवले, की घड्याळच बंद पडे, आणि थांबलेल्या माणसाला ऐकवायचे संगीतही अडखळे. आता अशा ठिकाणी घड्याळ संगणकाच्या स्वतःच्या ठोक्यावर चालवतात. पलीकडून काही येवो न येवो, वीस मिलिसेकंद झाले की १६० आकडे पुढे जातात, आणि बागाईतदाराच्या कानाशी 'सूंऽऽ' चालू राहते.