डोक्यातला फुगा, तारेची जाळी आणि आपली सावधगिरी

ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंतच्या आपल्या वस्त्यांत डोकेदुखीला कोणी आजार समजत नाही. पहाटे पाणी भरून, डबे करून, गर्दीच्या लोकलने कामावर जाणारी बाई डोके ठणकले तर कपाळाला फडके आवळते, बाम चोळते, दुकानातून एक गोळी आणते आणि कामाला लागते. पुरुष मंडळी चहा-तंबाखूवर वेळ मारून नेतात. बहुतेक वेळा ते निभावतेही. पण एक डोकेदुखी अशी आहे की ती अशी निभावत नाही. तिच्यात वाया गेलेला एकेक तास जिवावर बेतू शकतो. त्या डोकेदुखीविषयी आणि तिच्यामागच्या आजारावर निघालेल्या विणलेल्या जाळीविषयी आज आम्ही लिहीत आहोत.

फुगा कशाचा?

सायकलचा टायर एका जागी झिजला की आतली ट्यूब तिथून फुगून बाहेर येते. मेंदूला रक्त पुरवणाऱ्या धमनीचेही तसेच होते. तिची भिंत एखाद्या जागी कमजोर झाली की रक्ताच्या दाबाने तिथे फुगा धरतो. डॉक्टर त्याला अॅन्युरिझम म्हणतात. शंभर प्रौढ माणसांत सुमारे तिघांच्या डोक्यात असा फुगा असतो. त्यातले बहुतेक फुगे जन्मभर फुटत नाहीत, म्हणून ऐकून घाबरून जायचे कारण नाही. परंतु वाढलेला रक्तदाब आणि विडी-सिगारेट यांमुळे धोका वाढतो. स्त्रियांमध्ये हा आजार पुरुषांपेक्षा अधिक आढळतो. आई, वडील, सख्खे बहीण-भाऊ यांपैकी दोघांना हा आजार झाला असेल, तर बाकीच्यांनी डॉक्टरांना विचारून तपासणी करून घ्यावी.

फुगा फुटला तर मात्र मेंदूभोवती रक्त पसरते. अशा दर तीन रुग्णांपैकी सुमारे एक दगावतो. वाचलेल्यांतही अनेकांना कायमचे अपंगत्व येते. एकदा फुटलेला फुगा पहिल्या चोवीस तासांत पुन्हा फुटण्याची भीती सर्वांत जास्त असते.

उपचार कसे बदलत गेले

१९२७ साली पोर्तुगालचे डॉ. एगास मोनिझ यांनी मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे एक्स-रे चित्र काढून दाखवले. १९३७ साली अमेरिकेत डॉ. वॉल्टर डँडी यांनी कवटी उघडून फुग्याच्या मानेला धातूचा चिमटा लावला. पुढे १९९० साली कवटी न उघडता, जांघेतल्या धमनीतून बारीक नळी मेंदूपर्यंत नेऊन फुग्यात प्लॅटिनमच्या तारेची गुंडाळी भरण्याची रीत आली. हे दोन्ही उपचार आजही केले जातात.

पण काही फुग्यांचे तोंड इतके रुंद असते की भरलेली गुंडाळी निसटून बाहेर यायला पाहते. काही फुगे फार मोठे असतात. त्यांच्यासाठी ही विणलेली जाळी निघाली. अमेरिकेत तिला २०११ साली मान्यता मिळाली.

जाळीचे काम कसे चालते

टीव्हीच्या केबलची जुनी वायर सोलून पाहा. आत तांब्याच्या बारीक तारांची विणलेली नळी दिसते. ती दोन्ही टोकांनी ओढली की लांब आणि बारीक होते. दोन्ही टोके जवळ ढकलली की आखूड आणि जाड होते. डोक्यातल्या जाळीची युक्ती हीच आहे. केसापेक्षाही बारीक अशा, कित्येकदा ४८, तारांची ती नळी असते. ताणलेल्या अवस्थेत ती बारीक नळीतून मेंदूत नेतात. फुग्याच्या तोंडाशी आली की बाहेर सोडतात. मग ती आपोआप फुलते आणि धमनीच्या भिंतीला आतून चिकटून बसते.

जाळी फुग्याच्या आत जात नाही. ती फुग्याच्या तोंडावरून धमनीत आडवी पसरते. खाडीकाठचे एखादे डबके बांध घालून मुख्य प्रवाहापासून तोडले की त्यातले पाणी साचते आणि ते गाळाने भरत जाते. तसेच इथे होते. रक्त सरळ पुढे वाहते, फुग्यातले रक्त संथ होऊन गोठते, आणि काही महिन्यांत जाळीवर धमनीचे नवे अस्तर वाढते. हे लगेच होत नाही. रुंद तोंडाचे व मोठे फुगे असलेल्या रुग्णांच्या एका अमेरिकी पाहणीत सहा महिन्यांनी शंभरात सुमारे ७४, तर पाच वर्षांनी तपासलेल्यांत ९५ जणांचे फुगे पूर्ण बंद झालेले आढळले.

पुण्याशी असलेला संबंध

परदेशी जाळीची किंमत लाखांत जाते. म्हणूनच आपल्या देशात झालेले काम महत्त्वाचे वाटते. तिरुवनंतपुरमची श्री चित्रा तिरुनाल संस्था आणि बंगळूरची राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळा यांनी मिळून निकेल व टायटॅनियमच्या मिश्रधातूची भारतीय जाळी तयार केली. हा धातू बराच वाकवला तरी मूळ आकारावर परत येतो. वळणदार रक्तवाहिनीत पिळ पडून ती बंद होऊ नये, अशी या जाळीची वीण आहे. २०२० साली तिचे तंत्रज्ञान पुण्याच्या बायोरॅड मेडिसिस या कंपनीकडे देण्यात आले. विमानाच्या धातूवर काम करणारे शास्त्रज्ञ आणि रोग्याजवळचे डॉक्टर एकत्र आले, तेव्हा हे घडले.

गोळ्या सोडू नका!

जाळी बसली म्हणजे काम संपले असे नाही. धातूवर रक्त गोठू नये म्हणून सहसा अॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल अशा दोन गोळ्या काही महिने घ्याव्या लागतात. पुढेही एक गोळी बराच काळ चालू राहते. बरे वाटते म्हणून, पैसे नाहीत म्हणून किंवा दात काढायचा आहे म्हणून परस्पर गोळी बंद केली, तर जाळीत रक्त गोठून लकवा होऊ शकतो. जनऔषधी दुकानात याच गोळ्या स्वस्त मिळतात. याच गोळ्यांमुळे रक्तस्रावाची भीती असल्याने फुटलेल्या फुग्यावर बहुधा आधी चिमटा किंवा गुंडाळी वापरतात. कोणाला काय योग्य, ते तज्ज्ञांनीच ठरवावे.

ही लक्षणे पाठ करा

आयुष्यात कधी झाली नव्हती अशी, एका क्षणात वीज पडावी तशी आलेली डोकेदुखी. तिच्यासोबत उलटी, मान ताठ होणे, शुद्ध हरपणे, झटके येणे. एका डोळ्याची पापणी अचानक खाली पडणे किंवा एकाएकी दोन-दोन दिसणे. यांतले काही झाले तर १०८ ला फोन करावा आणि सी.टी. स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठावे. आपल्या घराजवळ ती सोय कुठे आहे, मेंदूचे सर्जन कुठे आहेत, हे आजच विचारून भिंतीवर लिहून ठेवावे.

अशा वेळी "नजर लागली", "करणी केली" म्हणत लिंबू उतरवण्यात तास घालवणारी घरे अजून आहेत. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्यांच्या घरातही हे घडावे, याची खंत वाटते. दुःख आहे, दुःखाला कारण आहे आणि ते कारण दूर करता येते, हे तथागतांनी सांगितले. कारण शोधणे हाच आपला धम्म आहे. तथागतांनी आजारी भिक्खूची शुश्रूषा स्वतःच्या हातांनी केली होती, हेही विसरू नये.

पैशाची सोय

बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असतानाच १९४३ साली कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम प्रा. अडारकर यांच्याकडे सोपवले गेले. त्यातूनच १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा झाला. ज्यांच्या पगारातून ई.एस.आय. कापला जातो, त्यांनी आपले कार्ड आणि घरच्यांची नावे आजच तपासावीत. मोठ्या उपचारासाठी ही योजना रुग्णाला दुसऱ्या रुग्णालयात पाठवू शकते. रेल्वे कामगारांना भायखळ्याचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्मृती रुग्णालय आहे. परळचे के.ई.एम. महापालिकेचे आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण देण्याचा निर्णय २०२३ साली झाला. आपला उपचार त्यात बसतो का, हे योजनेतील रुग्णालयाच्या आरोग्यमित्राला विचारावे. धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत राखीव असतात. त्या मागणे हा आपला हक्क आहे.

आमची महिला मंडळांना आणि तरुणांना विनंती आहे. महिन्यातून एका रविवारी, वंदना झाल्यावर, विहारात रक्तदाब मोजण्याचे यंत्र ठेवा. चाळीशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा दाब मोजून वहीत लिहा. विडी आणि तंबाखू सोडणाऱ्याचे नाव फळ्यावर मांडा. जाळी बसवायचे काम डॉक्टरांचे आहे, माणसाला वेळेत त्यांच्यापर्यंत पोहोचवायचे काम मात्र आपले आहे.