लाटेवरची मांड

घोड्यावर बसणें आणि घोड्यावर मांड असणें या दोन गोष्टी एक नव्हेत, हें आपल्याकडील जुन्या लोकांस सांगावें लागत नसे. बसतां कोणालाही येतें. पण घोडा उसळला असतांही ज्याची कंबर खोगिराशीं एकजीव राहते, आणि केवळ मांडीच्या दाबानें जो त्याला वळवितो, त्याची मांड पक्की, असें म्हणत. हा शब्द आम्हांस येथें मुद्दाम आठवला. फुटत्या लाटेवर बसून धांवण्याचा 'वेव्हस्की' नांवाचा जो खेळ ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका, कॅलिफोर्निया येथील किनाऱ्यांवर खेळतात, त्याचें मर्म या एका शब्दांत सांपडतें. आमच्या वाचकांपैकीं कित्येकांच्या घरचीं मुलें, भाचे, पुतणे आज सिडनी-मेलबर्नकडे स्थायिक आहेत. त्यांपैकीं एखाद्यानें "मी स्वतःला फळीस पट्ट्यानें बांधून घेऊन समुद्रांत जातों" असें कळविलें, म्हणजे इकडे वडील मंडळींच्या पोटांत गोळा उठावा हें साहजिकच आहे. ही भीति अगदींच अनाठायीं नाहीं. मात्र या खेळांतील धोका आणि सुरक्षितता हीं दोन्ही बव्हंशीं एकाच ठिकाणीं ठरतात. तें ठिकाण म्हणजे त्या फळीवरील आसन.

वेव्हस्की ही दिसण्यांत सर्फच्या फळीची बहीण. साधारण साडेसात-आठ फूट लांब, दोन फुटांहून किंचित् अधिक रुंद, आंत हलका फोम व वर कांचतंतु आणि रेझिन यांचें कवच. नाळ वर उचललेली, आणि शेपटीखालीं माशाच्या परांसारखीं बहुधा तीन छोटीं 'फिन'. हिच्यावर उभें राहावयाचें नसतें. मध्यें एक उथळ आसन असतें, त्यापुढें पावलांसाठीं जागा व पट्टे असतात, कंबरेवरून एक पट्टा येतो, आणि खेळाडूच्या हातीं दोन्ही टोकांस पातीं असलेलें वल्हें असतें. हिच्या कुळाचा मूळ पुरुष 'सर्फ-स्की'. न्यू साउथ वेल्समधील पोर्ट मॅक्वेरीजवळ हॅरी मॅक्लॅरन व त्याचा भाऊ जॅक हे १९१२ च्या सुमारास आपल्या कालवांच्या शेतींत हिंडण्यासाठीं तशी फळी वापरीत. पुढें १९३३ सालीं डॉ. क्रॅकेन्थॉर्प यांनीं तिचें पेटंट घेतलें. तिची एक शाखा लांबट होऊन शर्यतींकडे व जीवरक्षकांकडे गेली. दुसरी आखूड, चपळ शाखा ती ही वेव्हस्की.

आतां आसनाला इतकें महत्त्व कां, तें पाहूं. सर्फच्या फळीवर उभा असलेला खेळाडू क्षणोक्षणीं आपलीं पावलें पुढें-मागें सरकवूं शकतो. फळीची नाळ बुडूं लागली कीं तो मागें सरतो. वेग कमी पडला कीं पुढें येतो. बसलेल्याला ही सोय नाहीं. तो पुढें वांकेल, मागें रेलेल, कुशीवर कलेल, इतकेंच. त्याच्या शरीराचा भार फळीच्या कोणत्या बिंदूवर पडावा, हें समुद्रांत ठरत नसून, आदल्या दिवशीं अंगणांत, पट्टी आणि पेन्सिल हातीं घेऊन ठरलेलें असतें. म्हणून अर्ध्या इंचाचा फरकही येथें क्षुल्लक नाहीं.

आसनाकडे वळण्यापूर्वीं फळी आपल्या वजनास पुरेशी आहे कीं नाहीं, हें पाहून घ्यावें. हिशेब आर्किमिडीजचाच आहे. खेळाडू, त्याचे ओले कपडे आणि फळी मिळून ८० किलो भरलीं, तर तरून राहण्यास तितक्याच वजनाचें पाणी बाजूस सारलें पाहिजे. समुद्राचें एक लिटर पाणी सुमारें १.०२५ किलो भरतें; म्हणजे निदान ७८ लिटर आकारमान हवें, आणि नवशिक्यास त्याहून बरेंच अधिक. अर्धवट बुडालेल्या फळीवर आसन कितीही चतुराईनें बसविलें तरी उपयोग नाहीं.

आसन पुढें-मागें किती असावें, हा पहिला प्रश्न. तें पुढें घेतलें कीं फळी लाट लवकर पकडते आणि सरळ वेगानें धांवते. पण लाटेच्या उतारावर नाळ पाण्यांत खुपसण्याचें भय वाढतें. मागें घेतलें कीं भार फिनांच्या जवळ येतो, फळी झटकन वळते. परंतु नाळ वर राहिल्यानें वेग मंदावतो, आणि पुष्कळदां लाट खालून निघून जाते. कित्येक फळ्यांवर आसन सरकविण्याची सोय असते, इतरांवर तें चिकटवून टाकतात. चिकटवावयाचें असल्यास घाई करूं नये. आधीं तें तात्पुरतें बसवून संथ पाण्यांत जावें, स्वस्थ बसावें, आणि सोबत्यास बाजूनें पाहावयास सांगावें. शेपटी बुडालेली नसावी, नाळ पाण्याबाहेर मोकळी असावी. शेपटीच्या टोकापासून आसनाच्या मागील कांठापर्यंतचें अंतर मोजून वहींत लिहून ठेवावें. मग लहान लाटांवर अनुभव घ्यावा आणि एका वेळीं अर्धा इंचच सरकवावें. एकदम दोन इंच सरकविणारा मनुष्य आपणांस काय उमगलें, हेंच विसरून जातो.

येथें एक गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानीं येत नाहीं. माणसाच्या दोन्ही पायांचें वजन त्याच्या एकूण वजनाच्या सुमारें एक तृतीयांश असतें, आणि या फळीवर पाय पुढें पसरलेले असतात. त्यामुळें सारख्याच वजनाच्या दोघांपैकीं ज्याचे पाय लांब, त्याचा भार अधिक पुढें पडतो. त्याला आसन किंचित् मागें लागतें. धाकट्या भावानें थोरल्याची फळी उचलून नेली आणि ती "बिघडली" अशी तक्रार आणली, तर बहुधा बिघाड फळींत नसून दोघांच्या पायांत असतो!

उंचीचा विचार त्यानंतरचा. आसन जितकें खालीं, तितकी फळी स्थिर. तें उंच केलें तर कुशीवर कलतांना कंबरेचा जोर अधिक लागू होतो व वल्हेंही पाण्यांत नीट पोंचतें. पण तोल जाण्यासही वेळ लागत नाहीं. शिकणाऱ्यानें खालचेंच आसन घ्यावें. रुंदीच्या बाबतींत आमचें मत असें कीं, कमरेच्या दोन्ही बाजू आसनाच्या कडांस हलकेच टेकल्या पाहिजेत. मोकळ्या आसनांत मनुष्य आधीं घसरतो आणि फळी मागाहून वळते. सैल वाटल्यास कडांस फोमचे पातळ तुकडे लावावेत. मात्र उठतांना आसन अंगास चिकटून यावें इतकें घट्ट करूं नये.

आपल्याकडे मांडी घालून बसण्याची संवय असली, तरी पाय पुढें पसरून पाठ ताठ ठेवणें निराळें. ज्यांनीं दंडासन केलें आहे त्यांस ठाऊक असेल कीं, मांडीच्या मागील स्नायु ताठर असले म्हणजे कंबर मागें कलते आणि पाठीस पोंक येतो. वेव्हस्कीवर असें बसणाऱ्याची कंबर तासाभरांत दुखूं लागते, व त्याला वल्ह्याबरोबर धड वळवितांही येत नाहीं. यावर दोन उपाय आहेत. आसनाच्या मागील भागाखालीं फोमची पातळ पाचर घातल्यास कंबर किंचित् पुढें झुकते. आणि पावलांचे पट्टे जवळ घेतल्यास गुडघे वांकतात व मागील स्नायूंवरचा ताण उतरतो. गुडघे फारच वर आले तर मात्र तें वल्ह्याच्या आड येतात. म्हणून क्रम पाळावा: आसन आधीं, पावलें मग, आणि पट्टा सर्वांत शेवटीं.

या पट्ट्याविषयीं थोडें विस्तारानें लिहिलें पाहिजे, कारण घरच्या मंडळींची सारी काळजी तेथेंच आहे. घोड्याचा तंग खोगिराला घोड्याशीं बांधतो, स्वाराला नव्हे. स्वार पडला तर तो मोकळा पडतो. येथें स्वारालाच बांधलेलें असतें. लाटेनें फळी उलटली कीं डोकें खालीं व फळी वर, अशी अवस्था होते. तरबेज खेळाडू वल्ह्याच्या एका फटकाऱ्यानें व कंबरेच्या हिसक्यानें पुन्हां सरळ होतो, आणि यासाठीं पट्टा घट्टच असावा लागतो. सैल पट्टा दोन्हीकडून घातक. फळी सरळ करण्याइतकी पकड देत नाहीं आणि सुखासुखीं सुटूंही देत नाहीं. पट्टा पोटावरून नव्हे, तर मोटारींतील पट्ट्याप्रमाणें खालीं, कमरेच्या हाडांवरून जावा. तो एका हातानें, आणि दोहोंपैकीं कोणत्याही हातानें, एका ओढीसरशीं सुटला पाहिजे. ओढावयाचें टोंक नेहमीं बाहेर मोकळें ठेवावें, पट्ट्याखालीं खोंवूं नये. गांठ तर कधींही मारूं नये. पावलांचे पट्टेही असे असावेत कीं, पाय न मुरगळतां सरळ मागें निघावा.

हें सारें प्रथम कोरड्या जमिनीवर, डोळे मिटून, पुनःपुन्हां करून पाहावें. नंतर पोहण्याच्या तलावांत, सोबती शेजारीं उभा असतांना, मुद्दाम उलटें होऊन पट्टा सोडावा. हातास हें काम विचारावांचून करतां येईपर्यंत लहान लाटांवर पट्ट्याशिवायच खेळावें. दूर असलेल्या मुलाला पत्र लिहावयाचें असेल, तर "समुद्रांत जाऊं नकोस" असें लिहिण्यापेक्षां "पट्टा उलटें होऊन कितीदां सोडून पाहिलास?" असें विचारावें; पहिल्याकडे तो कानाडोळा करील, दुसऱ्याचें उत्तर त्याला द्यावें लागेल.

आसनाचें महत्त्व ज्यांच्या बाबतींत सर्वांत अधिक, त्यांच्याविषयीं आतां सांगावयाचें. अपघातानें किंवा आजारानें ज्यांचे पाय गेले अथवा निकामी झाले, अशा स्त्रीपुरुषांस सर्फच्या फळीवर उभें राहणें अशक्य. पण वेव्हस्कीवर बसून वल्ह्यानें लाट पकडणें त्यांपैकीं कित्येकांस साधतें. २०१५ सालीं कॅलिफोर्नियांतील ला होया येथें अशा खेळाडूंची पहिली जागतिक स्पर्धा आंतरराष्ट्रीय सर्फिंग संघटनेनें भरविली, आणि बसून खेळणारांचा स्वतंत्र वर्ग आज त्या स्पर्धांत आहे. त्यांच्या आसनाची जुळणी मात्र निराळी. धडाचे स्नायु दुर्बळ असल्यास पाठीचा टेका उंच लागतो. पाय आपोआप जागीं राहत नसल्यानें ते सांवरण्याची व्यवस्था करावी लागते. आणि ती सुद्धां कंबरेच्या पट्ट्याबरोबरच सुटणारी असावी, नाहींतर धड मोकळें व पाय अडकलेले, असा प्रसंग ओढवेल. पाठीच्या कण्यास इजा झालेल्यास खालच्या अंगाची संवेदना नसते. आसनाची कठीण कड, फोमवरची सुरकुती, वाळूचे चार कण यांनीं ओली त्वचा सोलवटली तरी त्याला कळत नाहीं, आणि अशी जखम भरून यावयास कधीं कधीं महिने लागतात. त्यांच्या आसनावर मऊ व सपाट अस्तर हवें, बसण्यापूर्वीं तें धुवून घ्यावें, आणि पाण्याबाहेर आल्यावर आरशानें अथवा घरच्या माणसाच्या डोळ्यांनीं त्वचा तपासून घ्यावी. लाली दिसली तर ती पूर्ण जाईपर्यंत पुन्हां आसनावर बसूं नये, आणि ती टिकून राहिल्यास डॉक्टरांस दाखवावी.

मापें एकदां मनासारखीं जुळलीं कीं मगच आसन कायमचें चिकटवावें; त्यापूर्वीं फळीचा पृष्ठभाग गोड्या पाण्यानें धुवून पूर्ण वाळवावा, कारण मिठाच्या थरावर गोंद धरत नाहीं. प्रत्येक खेळानंतर पट्टा, त्याची शिवण आणि तो जेथें फळीस जोडलेला असतो ते स्क्रू गोड्या पाण्यानें धुवावेत आणि फळी उन्हांत न ठेवतां सावलींत वाळवावी. शिवणीचा एक दोरा जरी उसवलेला दिसला, तरी पट्टा दुरुस्त करीत न बसतां नवा घ्यावा.