लघवी सुरू झाली, पण हृदयाचं काय?

सोयाबीन काढणीच्या दिवसांत तुळजापूर-उमरग्याच्या शिवारात घोणशीची धास्ती असते. तिच्या विषाने रक्त गोठण्याची यंत्रणाच कोलमडते, किडनीच्या बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात, लघवी आटते. प्रतिविष वेळेत मिळालं, गरजेपुरतं डायलिसिस झालं, की बरेच रुग्ण काही आठवड्यांत सावरतात. किडनीचं काम दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन उतरतं आणि फाइल माळ्यावर जाते.

गफलत इथेच होते. किडनीची जवळपास निम्मी ताकद गेली तरी क्रिएटिनिन नॉर्मल दिसू शकतं. मेलेले नेफ्रॉन, म्हणजे किडनीतल्या बारीक गाळण्या, पुन्हा उगवत नाहीत. तिथे व्रण राहतो. उरलेल्यांवर जादा भार पडतो, अंगात मीठ-पाणी साठतं, रक्तदाब चढतो आणि हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत जाड होऊ लागते. कारण साप असो, जंतुसंसर्ग असो वा जुलाब, किडनीला असा तडाखा बसलेल्यांत पुढे हार्ट फेल्युअरचं प्रमाण जास्त आढळतं. त्यात आधीच्या मधुमेहाचा वाटा किती, यावर अजून वाद आहे.

‘केडिगो’ या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१२ साली ३ महिन्यांनी फेरतपासणी सुचवली. सोबत रक्तदाब आणि लघवीतलं अल्ब्युमिनही बघावं. दोन्ही तपासण्या स्वस्त आहेत. आणि कंबर धरली म्हणून मेडिकलमधून परस्पर डायक्लोफिनॅकसारखं, किडनीला इजा करू शकणारं वेदनाशामक आणू नये. डिस्चार्ज कार्डावर हे ठळक छापायलाच हवं.