कान्हेरी म्हणजे काय?

माझे मामा मुंबईला बोरिवलीत राहतात. बोरिवली हे नाव बोरीच्या झाडांवरून पडले असे म्हणतात, ते लगेच पटते. पण तिथल्या जंगलात कान्हेरीची लेणी आहेत, त्या नावाचे काय? आमच्या वर्गात पुष्कळजण म्हणाले, तिथे कण्हेरीची फुले असतील. तसं नाही बरं का!

सुमारे २००० वर्षांपूर्वीपासून तिथे बौद्ध भिक्षू राहत. डोंगरात १०० हून जास्त लेणी आहेत. पावसाचे पाणी साठवायला टाकी खोदली आहेत. भिंतींवर ब्राह्मी लिपीत लेख आहेत. त्यांत या डोंगराला ‘कण्हसेल’ म्हटले आहे. सेल म्हणजे शैल, डोंगर. कण्ह म्हणजे कृष्ण, काळा. आपण कृष्णाला कान्हा म्हणतो ना, तोच शब्द! संस्कृतात कृष्णगिरी, आणि बोलता बोलता त्याचे कान्हेरी झाले. म्हणजे काळा डोंगर. तिथला कातळ काळाच आहे.

रंगावरून नाव देण्याची रीत लांबच्या देशांतही आहे. दक्षिण अमेरिकेत ब्राझीलमध्ये रिओ नेग्रो नावाची नदी आहे. तिचा अर्थ काळी नदी. पाणी खरेच काळे दिसते.

कण्हसेल हे नाव आता कोणी बोलत नाही. ते त्या दगडात आहे. लेण्यांना दान देणाऱ्या सोपारा-कल्याणच्या लोकांची नावेही तिथेच कोरली आहेत. काही लोक सहलीला जातात नि भिंतीवर खिळ्याने आपले नाव खरडतात. मला त्यांचा फार राग येतो. जुनी अक्षरे गेली तर ती पुन्हा कोण कोरणार?