श्रावणी : शाळा उघडण्याचा दिवस

श्रावण लागला म्हणजे घरोघर नवीं जानवीं येतात. श्रवण नक्षत्रावर ऋग्वेद्यांची आणि पौर्णिमेस यजुर्वेद्यांची श्रावणी; सामवेदी मात्र भाद्रपदांतील हस्त नक्षत्राची वाट पाहतात. मंडळी जमतात, पंचगव्य नाक मुरडून घेतलें जातें, जुनें जानवें उतरतें, नवें गळ्यांत पडतें, आणि ज्याला त्याला कचेरी गांठण्याची घाई असते. श्रावणी म्हणजे काय, असें पुसल्यास बहुतेक जण ‘जानवें बदलण्याचा दिवस’ असेंच सांगतील. आमचीं चाळीस वर्षें मास्तरकींत गेलीं म्हणून असेल, पण ह्या उत्तरानें आम्हांस वाईट वाटतें. ह्या विधीचें शास्त्रीय नांव उपाकर्म, म्हणजे वेदाध्ययनाचा आरंभ. आमच्या भाषेंत ती शाळा उघडण्याची तिथि होय.

मनुस्मृतींत ह्या शाळेचें वेळापत्रकच दिलेलें आहे. श्रावणी अथवा भाद्रपदी पौर्णिमेस आरंभ करून साडेचार महिने वेद पढावा; मग पौषांत किंवा माघांत गांवाबाहेर जाऊन उत्सर्जन करावें. त्यापुढें शुक्लपक्षीं वेद आणि कृष्णपक्षीं व्याकरणादि वेदांगें. आतां उत्सर्जन व उपाकर्म हीं दोन्ही एकाच सकाळीं, एकाच आसनावर उरकतात. शाळा सुटली आणि लागलीच भरली; मध्यें पाटीवर अक्षर उमटलें नाहीं!

तरी विधीकडे लक्ष दिलें तर तो अजून बोलतो. अरुंधतीसह सप्तर्षि मांडून त्यांची पूजा होते. दह्यांत कालविलेल्या सातूच्या, म्हणजे भाजल्या जवाच्या पिठाच्या, आहुति पडतात आणि उरलेलें आपण खावयाचें. पुढें तर्पण. देवांस सव्यानें, ऋषींस निवीतीनें आणि आचार्यांस अपसव्यानें पाणी द्यावयाचें. आम्हां आश्वलायनांच्या आचार्यांत सुमंतु, जैमिनि, वैशंपायन, पैल येतात आणि त्यांच्या मागोमाग गार्गी वाचक्नवी, वडवा प्रातिथेयी, सुलभा मैत्रेयी.

गेल्या श्रावणीस आमची बारा वर्षांची नात दाराशीं उभी राहून ऐकत होती. कर्म संपतांच तिनें विचारलें, “आजोबा, तीं शेवटचीं नांवें बायकांचीं होतीं ना? त्यांना कां पाणी दिलेंत?”

“त्या आपल्या आचार्या, बाळ. ज्यांच्याकडून विद्या आली, त्यांचें ऋण असतें.”

“मग आत्याला तुम्हीं संस्कृत कां नाहीं शिकविलेंत?”

आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. मुंज झाल्यापासून पन्नासांहून अधिक श्रावण्या आम्हीं केल्या; प्रत्येक वेळीं गार्गीला ओंजळभर पाणी दिलें. परक्यांचीं शेंकडों मुलें आमच्यापाशीं रूपें घोकून गेलीं. घरची मुलगी मात्र स्वयंपाकघरांतून ऐकत राहिली आणि लग्न होऊन गेली. तिनें कधीं मागितलें नाहीं, ही सबब आम्ही मनाशीं वापरीत आलों होतों.

उपाकर्मानंतर तीन रात्री अनध्याय सांगितला आहे. (शाळा उघडतांच सुटी देणारे स्मृतिकार विद्यार्थ्यांस प्रिय असले पाहिजेत.) चौथ्या दिवशीं नात वही घेऊन आली. नियमाप्रमाणें शब्दरूपांपासून आरंभ करावयाचा, परंतु तिला गार्गीच हवी होती, म्हणून आम्हीं बृहदारण्यक उघडलें आणि अर्थ सांगत चाललों. जनकाच्या सभेंत गार्गी याज्ञवल्क्याला एकामागून एक प्रश्न विचारते, आणि अखेरीस तो बजावतो, कीं आतां अधिक विचारूं नकोस, नाहीं तर तुझें मस्तक गळून पडेल. येथें मुलगी थांबली.

“म्हणजे ती गप्प बसली?”

आम्हीं पोथी तिच्याकडे सरकविली. त्या उपनिषदांतील प्रकरणांस ब्राह्मण म्हणतात. “दोन ब्राह्मणें पुढें जा,” आम्ही म्हणालों, “तेथें ती पुन्हां उठली आहे.”